माद्रिदमध्ये दिवसा काय बघायचं? (रूममेट दुपारी दोनला उठतात)

कोथरूडची_चिमणी | १४ जानेवारी

नमस्कार मंडळी. एका सेमिस्टरसाठी माद्रिदला आलेय, जूनअखेरपर्यंत मुक्काम आहे. लेक्चरं मंगळ, बुध, गुरू, तीही दुपारी साडेतीननंतर. म्हणजे रोज सकाळ मोकळी, आणि शुक्रवार ते सोमवार तर रानच मोकळं. फ्लॅटमध्ये आम्ही पाचजणी: दोघी इटालियन, एक पोलिश, एक मेक्सिकन आणि मी. चौघींचा दिवस रात्री अकराला उजाडतो. दोनदा गेले त्यांच्याबरोबर, पण पहाटे पाचपर्यंत कान बधिर करून घेणं आपल्याच्याने होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोनपर्यंत झोपलेल्या आणि मी स्वयंपाकघरात चमचा न वाजवता पोहे खातेय, असं सध्या चाललंय.

तर दिवसा, एकटीने, कमी पैशात काय बघता येईल? याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या नकोत. तिथे राहिलेल्यांनी सांगा. वय २१, शाकाहारी (अंडं चालतं), चालायला भरपूर तयार, स्पॅनिश जेमतेम.

आणि सकाळी आठला इथे मिट्ट काळोख असतो, त्याचं काय करायचं?

उंटावरचा_शहाणा | १४ जानेवारी

तीन दिवस लेक्चर, चार दिवस पर्यटन. याला परदेशी शिक्षण म्हणतात होय! (गंमत हं, दिवे घ्या.)

लावापिएसकर | १५ जानेवारी

चिमणीताई, शहाण्यांना उंटावरच राहू दे. मी अकरा वर्षं माद्रिदला आहे, त्यातली पहिली दोन विद्यार्थी म्हणून काढली, त्यामुळे कमी पैशांतलं सगळं पाठ आहे.

आधी काळोखाचं. माद्रिद नकाशावर लंडनच्याही जरा पश्चिमेला आहे, पण घड्याळ चालतं बर्लिनचं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे तासभर पुढे सरकवले, ते मागे आलेच नाहीत. म्हणून आत्ता सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि जूनमध्ये पावणेदहाला मावळेल. उन्हाळ्यात घड्याळात सव्वादोन होतात तेव्हा कुठे ऊन डोक्यावर येतं. इथले लोक दुपारी अडीचला जेवतात याचं सगळ्यांना नवल वाटतं, पण सूर्याच्या हिशेबाने ते आपल्यासारखे बारा-साडेबारालाच जेवत असतात. तू पुण्याच्या सवयीने साडेबाराला जेवायला गेलीस तर वेटर तुझ्याकडे कीव आल्यासारखा बघेल.

त्यामुळे दिवस असा लाव: दहा ते दोन उघड्यावर भटकायचं, दोन ते चार जेवण, आणि त्यानंतर छपराखाली. 'दिवसा' म्हणजे इथे रात्री आठपर्यंत धर.

दुसरं, पहिल्या आठवड्यात करायचं काम: वयाची सव्वीस पूर्ण होण्याआधी मिळणारा प्रवासाचा पास, अबोनो खोवेन. मूळ दर महिन्याला २० युरो, अधूनमधून सरकारी सवलतीत आणखी स्वस्त. मेट्रो, बस, लोकल सगळं त्यात. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे तो प्रांताच्या हद्दीबाहेर तोलेदोपर्यंत चालतो. मात्र बसलाच, वेगवान रेल्वेला नाही. प्लाथा एलिप्तिकाच्या मेट्रो स्टेशनखालूनच बस सुटते, तासा-सव्वातासात तोलेदो.

तिसरं, प्रादोचं चित्रसंग्रहालय. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना ते केव्हाही फुकट आहे, चालू वर्षाचं ओळखपत्र दाखवायचं. बाकीची जनता संध्याकाळी सहाच्या फुकट प्रवेशासाठी रांग लावते, तू सकाळी दहाला आरामात जा. पण एका दिवसात 'करायला' जाऊ नकोस. फुकट आहे म्हणजे अर्ध्या तासासाठीही जाता येतं, हीच त्यातली श्रीमंती. मी एकेका फेरीत दोन-तीन चित्रंच बघायचो. फोटो काढू देत नाहीत, ते एक बरंच आहे.

खारी_बिस्किट | १५ जानेवारी

+१ प्रादोला. मी २७ व्या वर्षी आले, त्यामुळे ना तो पास मिळाला ना फुकट प्रवेश. आमच्या नशिबी संध्याकाळची रांग. तरुणपणी फिरून घे गं.

चित्रांमधलं मला ढिम्म कळत नाही, पण तळमजल्यावर गोयाची 'काळी चित्रं' आहेत तिथे जा. म्हातारपणी, ठार बहिरा झाल्यावर, नदीपलीकडच्या आपल्या घराच्या भिंतींवर त्याने ही १४ चित्रं काढली. कुणी सांगितली नव्हती, कुणाला दाखवायची नव्हती. पुढे ती भिंतींवरून सोडवून कॅनव्हासवर चढवली. पोराला खाणारा सॅटर्न तिथेच आहे आणि गर्दी त्याच्यासमोर असते. मी मात्र शेजारच्या कुत्र्यासमोर खिळले. उभं चित्र, वर नुसता मातकट पिवळा रिकामेपणा, खाली तपकिरी उतार, आणि त्या उतारामागून फक्त कुत्र्याचं डोकं. बुडतंय की वर चढतंय कळत नाही. ते वर काय बघतंय तेही कळत नाही. मी तिथे उभी असताना एक शाळकरी पोरगा आला आणि बाईंना म्हणाला, "बाकीचं कुठे आहे?" बाईंना उत्तर देता आलं नाही.

वसईचा_पाव | १६ जानेवारी

जेमतेम स्पॅनिशची काळजी नको. पोर्तुगिजांनी आपल्याला आधीच अर्धी शिकवून ठेवलीय. बटाटा म्हणजे पताता. पाव म्हणजे पान (विडा मागितलात असं समजू नये). चावी म्हणजे याव्हे. आणि हॉटेलात बिल द्यायचं असेल तर "पुएदो पागार?" विचारा. आपण पगार घेतो, ते पगार देतात, एवढाच फरक.

कोथरूडची_चिमणी | १६ जानेवारी

आज "पागार" म्हणताना खरंच फिस्सकन हसले. वेटरला वाटलं बिल बघून हसतेय.

@लावापिएसकर, पासचा अर्ज केला. शाकाहारी जेवणाचं पण सांगा ना. काल एका खानावळीत "कार्ने (म्हणजे मांस) नको" असं नीट सांगितलं होतं, तरी मसूरच्या आमटीत लालभडक चकत्या तरंगत आल्या. विचारलं तर बाई म्हणाल्या, ते कार्ने नाही, चोरिथो आहे. (म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज!)

लावापिएसकर | १७ जानेवारी

हाहा. इथे 'कार्ने' म्हणजे डोळ्यांना दिसणारा मटणाचा तुकडा. खामोन (डुकराची खारवलेली मांडी), चोरिथो, ट्यूना मासा हे जणू मसाल्याच्या डब्यातले जिन्नस. एकेकाचं नाव घेऊन नाही म्हणायचं. क्रोकेता (कटलेटसारखे तळलेले रोल) बहुधा खामोनच्या असतात. सालमोरेखो हे टोमॅटोचं थंडगार घट्ट सार, त्यावर खामोनचे तुकडे भुरभुरतात, ते आधीच नको म्हण. निर्धास्त खायचं ते बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, पिस्तो (वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची परतलेली), आणि पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या. त्या मिरच्यांतली एखादीच तिखट निघते आणि स्पॅनिश माणूस त्या एकीच्या धास्तीने खातो. आपल्याला शोधूनही सापडत नाही.

दुपारी 'मेनू देल दिया' घ्यायचा: दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, १२ ते १५ युरोत. रोज नको, आठवड्यातून एकदा. एरवी लावापिएस भागातल्या बांगलादेशी दुकानांत तूरडाळ, हिंग, कोथिंबीर सगळं मिळतं.

दुपारची_झोप | १८ जानेवारी

रविवारी सकाळी एल रास्त्रोचा बाजार चुकवू नकोस. ला लातिना स्टेशनवर उतरून कास्कोरो चौकातून उताराला लागायचं. मुख्य रस्त्यावर तेच ते मोजे आणि पाकिटं, पण बाजूच्या गल्ल्यांत जुने कॅमेरे, पितळी कड्या, कुणाच्या तरी पणजीचे फोटो, चौकात चित्रांच्या पत्त्यांची अदलाबदल करणारी पोरं. आपल्या जुन्या बाजाराची आठवण येते, फक्त घासाघीस त्या मानाने मिळमिळीत.

पाकीट सांभाळ मात्र. माझा फोन जाकिटाच्या बाहेरच्या खिशातून गेला, चेन लावलेली होती तरी. मला कळलं कधी, तर फोटो काढायला हात घातला तेव्हा. चेन परत लावून गेला होता पठ्ठ्या.

उंटावरचा_शहाणा | १८ जानेवारी

याला म्हणतात कारागिरी.

कोथरूडची_चिमणी | १० फेब्रुवारी

पास आला! आणि पहिलाच फज्जा ऐका.

काल सोमवार. थेर्कानियास (इथली लोकल) पकडून एल एस्कोरियालला गेले. दुसऱ्या फिलिपने १५६३ ते १५८४ अशी एकवीस वर्षं बांधलेला अवाढव्य मठ-महाल. स्टेशन खाली, मठ वर. बागेतून अर्धा तास चढ चढून, घामाघूम होऊन दारात पोचले, तर दार बंद. सोमवारी बंद असतं! एक जपानी आजी-आजोबाही तिथेच उभे होते. आम्ही तिघांनी मिळून ती पाटी तीनदा वाचली.

मग तशीच पुढे 'फिलिपच्या खुर्ची'ला चालत गेले. रानात एका मोठ्या खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि बैठका आहेत. राजा तिथे बसून बांधकाम कुठवर आलं ते बघायचा, अशी दंतकथा. समोर दरीपलीकडे तो करडा चौकोन आणि त्यामागे बर्फाचे डोंगर. डब्यातली मेथीची पोळी तिथे खाल्ली. खरं सांगू, आत गेले असते तर या खडकापर्यंत आलेच नसते.

लावापिएसकर | १० फेब्रुवारी

अगं, वारांचं सांगायलाच विसरलो, चूक माझी. एस्कोरियाल सोमवारी बंद, रेइना सोफिया हे संग्रहालय मंगळवारी बंद. प्रादो सोमवारीही उघडं. थिसेन संग्रहालय सोमवारी दुपारी बारा ते चार फुकट, म्हणजे तुझ्यासाठीच ठेवलंय. आणि पुढच्या वेळी मोन्क्लोआहून ६६१ किंवा ६६४ नंबरची बस घे, ती वरपर्यंत नेते, चढ वाचेल.

रेइना सोफिया मंगळवार सोडून संध्याकाळी सात ते नऊ फुकट असतं, रविवारची वेळ वेगळी. 'गेर्निका' तिथे आहे. पावणेआठ मीटर रुंद, काळं-पांढरं-करडं. १९३७ मध्ये पिकासोने ते पॅरिसच्या प्रदर्शनासाठी काढलं, नंतर ते वर्षानुवर्षं न्यूयॉर्कमध्ये होतं. देशात लोकशाही आल्याशिवाय ते स्पेनला पाठवायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. आलं १९८१ मध्ये. पिकासो १९७३ मध्येच गेला होता.

निवृत्त_मास्तर | १२ फेब्रुवारी

मी छत्रपती संभाजीनगरचा. मुलीकडे माद्रिदला दोन महिने होतो, ती ऑफिसला गेली की माझाही दिवस मोकळा. एक जागा सुचवतो जी कुणी सांगणार नाही.

ओपेरा मेट्रो स्टेशनच्या आत, जमिनीखाली, छोटंसं संग्रहालय आहे: कान्योस देल पेराल. स्टेशनचं काम करताना सोळाव्या शतकातल्या कारंज्याचे आणि जुन्या जलवाहिनीचे अवशेष सापडले, ते तिथेच राखलेत. तिकीट नाही, उघडण्याचे दिवस मोजके, ते बघून जावं.

मला ते का भावलं ते सांगतो. माद्रिद नवव्या शतकात अमीर मुहम्मद पहिला याने वसवलं आणि पुढची कितीतरी शतकं हे शहर जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यांवर जगलं. उताराचा अंदाज घेऊन खोदलेले बोगदे, मध्ये मध्ये हवेसाठी आणि सफाईसाठी विहिरीसारखी भोकं. हे वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर आमची नहर-ए-अंबरी! मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शहरात हेच केलं. दोन्हीकडे मूळ विद्या इराणकडची, कनातची (म्हणजे अशाच पाण्याच्या भुयारांची). लहानपणी नहरीच्या मनोऱ्यांवर चढून मार खाल्लेला आहे. सत्तरीत माद्रिदच्या मेट्रोत ती परत भेटेल असं वाटलं नव्हतं.

कोथरूडची_चिमणी | १२ फेब्रुवारी

काका, किती सुंदर! मी रोज ओपेरावरून जाते आणि मला पत्ता नाही.

खारी_बिस्किट | १३ फेब्रुवारी

मेट्रोवरून आठवलं, चांबेरीचं भुताचं स्टेशन बघ. १९१९ च्या पहिल्या लाइनवरचं आहे, १९६६ मध्ये बंद केलं, कारण गाड्या लांब झाल्या आणि वळणामुळे फलाट वाढवता येईना. २००८ पासून संग्रहालय. भिंतींवर रंगीत फरशांच्या जाहिराती जशाच्या तशा. आपण फलाटावर काचेमागे उभे, आणि समोरून एक नंबरची लाइन न थांबता धडाडत जाते. फुकट, पण आधी नाव नोंदवावं लागतं. आणि माद्रिदची मेट्रो डाव्या बाजूने धावते, आपल्या लोकलसारखी. त्या काळी इथली वाहनं डावीकडून चालायची, रस्ते पुढे बदलले, मेट्रो नाही बदलली.

दुपारची_झोप | १ मार्च

तोलेदो की सेगोव्हिया, यावर कुणी भांडलं कसं नाही अजून? माझं मत सेगोव्हिया. रोमनांचा जलसेतू, २८ मीटर उंच, ग्रॅनाइटचे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले, दोन हजार वर्षांच्या आसपास उभा. त्याच्या कमानीखाली उभं राहिलं की मान दुखते आणि शब्द सुचत नाहीत. तोलेदोत प्रत्येक दुकानात तलवारी विकायला. कंटाळा.

लावापिएसकर | १ मार्च

सेगोव्हिया पासात बसत नाही, मोन्क्लोआहून बसचं वेगळं तिकीट. विद्यार्थ्याने आधी तोलेदो, फुकटचं सोडायचं नाही. आणि तलवारींच्या गल्लीत फिरलास तर तलवारीच दिसणार. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं एकच चित्र बघायला जायचं, ओर्गाथच्या सरदाराचं दफन. खाली माणसांची गंभीर रांग, वर ढवळून निघालेला स्वर्ग. मग सांता मारिया ला ब्लांका: ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मुस्लिम कारागिरांच्या घोड्याच्या नालेसारख्या कमानी, पुढे त्याचंच चर्च झालं. सगळा इतिहास एका दालनात. येताना माथापान (बदामाच्या बर्फीचा सख्खा भाऊ) घेऊन ये.

परतीची शेवटची बस आधी बघून ठेव. का ते विचारू नकोस.

कोथरूडची_चिमणी | १२ मार्च

तोलेदो झालं, दोनदा. माथापान पुण्यापर्यंत टिकणार नाही, कारण मी टिकू देत नाहीये.

काल एक वेगळंच घडलं. आतोचा स्टेशनमध्ये पाऊस टाळायला गेले होते. जुन्या इमारतीत झाडांची मोठी बाग आहे, दमट, आपल्याकडच्या पावसाळ्यासारखी. बाहेर लोक फुलं ठेवत होते. मग कळलं, ११ मार्च. २००४ मध्ये याच दिवशी सकाळच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते, १९० हून जास्त माणसं गेली. कॉलेजला, कामाला निघालेली. माझी आत्या ११ जुलै २००६ ला चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत होती, पुढच्या डब्यात. ती बचावली. मी तेव्हा तान्ही होते, पण घरी ती गोष्ट दर जुलैत होते. रेतिरो बागेत त्या माणसांसाठी लावलेली सायप्रस आणि ऑलिव्हची १९२ झाडं आहेत, तिकडे चालत गेले. पाऊस थांबला होता. बसले थोडा वेळ.

निवृत्त_मास्तर | १२ मार्च

बरं केलंस बाळा.

वसईचा_पाव | २ मे

धागा वर काढतोय. चिमणी, १५ मेला शहरात आहेस ना? सान इसिद्रोचा दिवस, माद्रिदचा ग्रामदेव म्हण. शेतमजूर संत. गोष्ट अशी, की हा शेतात प्रार्थनेला बसायचा, मालक रागावून बघायला आला, तर देवदूत त्याच्या वाटणीचा नांगर धरून उभे!

निवृत्त_मास्तर | २ मे

म्हणजे जनाबाईचं दळण. तिथे विठ्ठल जात्याला हात लावतो, इथे देवदूत नांगराला. कष्टकऱ्याच्या देवाला कष्ट करावेच लागतात.

कोथरूडची_चिमणी | १६ मे

गेले होते! नदीपलीकडच्या माळावर नुसती जत्रा. बायका ठिपक्यांचे झगे, डोक्याला रुमाल, त्यात लाल फूल. देवळाच्या झऱ्याचं पाणी प्यायला रांग, आपल्या तीर्थासारखी. रोस्किया नावाच्या गोल बिस्किटांचे प्रकार ऐका: 'वेडी' म्हणजे साधी आणि 'शहाणी' म्हणजे साखरेचा लेप दिलेली. उंटावरच्या काकांसाठी एक शहाणी घेतली होती, खाऊन टाकली.

आणि पोलिश रूममेट बरोबर होती! सकाळी अकराला उठून! ती म्हणाली, तू रोज कुठे जातेस हे बघायचं होतं. नंतर तिला प्रादोत नेलं, तिथे गोयाने १७८८ मध्ये काढलेलं याच माळाचं चित्र आहे: तीच नदी, तोच उतार, तशीच छत्र्या घेऊन बसलेली माणसं. इवली इवली माणसं आणि मागे सगळं शहर. ती एकेक माणूस मोजायला लागली, मग नाद सोडला.

उंटावरचा_शहाणा | १६ मे

माझ्या शहाणीचं पातक लागेल. बाकी, अभ्यास?

कोथरूडची_चिमणी | १६ मे

पाचपैकी चार विषय बरे आहेत, काका. पाचव्याबद्दल जूनमध्ये बोलू.

आता खरा प्रश्न. जूनमध्ये आई-बाबा येताहेत आठ दिवस. आईचे गुडघे दुखतात, बाबांना ऊन सोसत नाही. काय दाखवू?

लावापिएसकर | १७ मे

जूनमध्ये दुपारी दोन ते सात त्यांना बाहेर काढायचं नाही. सकाळी लोकलने आल्काला दे एनारेस: सपाट गाव, कमानींच्या सावलीतला रस्ता, बुरुजांवर करकोच्यांची घरटी, लेखक सर्व्हांतेसच्या जन्मगावचं घर फुकट, दारात बाकावर त्याच्या कादंबरीतल्या डॉन कीखोते (क्विक्झोट) आणि सांचो या जोडीचे पुतळे. बाबांना मधे बसवून फोटो. दुपारी प्रादोत गारवा. सातनंतर माद्रिद रिओ, तिथे आधी नदीच्या दोन्ही काठांनी हमरस्ता होता, तो जमिनीखाली घालून वर बाग केली. एका संध्याकाळी देबोदचं देऊळ, खरंखुरं इजिप्तचं, अबू सिंबेलची देवळं धरणाच्या पाण्यातून वाचवायला केलेल्या मदतीबद्दल १९६८ मध्ये भेट मिळालेलं. आईला सांग, दगडादगडाने उचलून आणलंय.

आणि एका संध्याकाळी टॅक्सीने व्हायेकासच्या टेकड्यांवर. पार्के दे लास सिएते तेतास. सूर्यास्त तिथूनच बघायचा, सगळं शहर पायाशी.

कोथरूडची_चिमणी | १७ मे

ती माझी आवडती जागा आहे! पण आई प्रत्येक नावाचा अर्थ विचारते हो. "सात..." च्या पुढे काय सांगू? ('तेतास' म्हणजे स्तन!)

खारी_बिस्किट | १७ मे

सात टेकड्या.

निवृत्त_मास्तर | १७ मे

कागदोपत्री नाव थेर्रो देल तिओ पिओ आहे. पिओ काकांची टेकडी. माझ्या मुलीने मला तेच सांगितलं होतं.